व्हिक्ट्रॉन स्मार्टसोलर १००/३०: शिडाच्या बोटीवर कुठे शोभतो, कुठे नाही

व्हिक्ट्रॉनचा स्मार्टसोलर एमपीपीटी १००/३० हा चार्ज कंट्रोलर, म्हणजे सौर पॅनेलची वीज बॅटरीला सोसेल अशी करून देणारा डबा, उत्तम आहे. पण शिडाच्या बोटीवर तो किती चालेल हे त्याच्या डब्यापेक्षा पॅनेलची जोडणी आणि दोन-चार मीटर केबल ठरवते. म्हणून या परीक्षणात कंट्रोलरइतकंच त्याच्या आजूबाजूच्या वायरिंगबद्दलही लिहिलं आहे.

नावातला पहिला आकडा पॅनेलकडून येणाऱ्या व्होल्टेजची कमाल मर्यादा सांगतो, दुसरा बॅटरीकडे जाणाऱ्या करंटची. १२ व्होल्टच्या बॅटरीवर हा कंट्रोलर ४४० वॅटपर्यंतच्या पॅनेलना पुरतो, २४ व्होल्टवर ८८० वॅटपर्यंत. पॅनेल थोडे जास्त वॅटचे लावले तर तो ३० अँपिअरला अडतो आणि वरची वीज सोडून देतो, बिघडत नाही. बिघडतो तो व्होल्टेजमुळे. पॅनेलवर छापलेला ओपन सर्किट (काहीच जोडलेलं नसतानाचा) व्होल्टेज २५ अंश सेल्सिअसचा असतो आणि प्रत्येक अंश थंडीमागे तो साधारण ०.३ टक्क्याने चढतो. २४ व्होल्ट ओपन सर्किटची चार पॅनेल सिरीजमध्ये (एकामागोमाग) जोडली की कागदावर ९६ व्होल्ट दिसतात, पण शून्य अंशाच्या सकाळी तेच १०३ होतात. तेव्हा या कंट्रोलरवर अशी तीनच पॅनेल सिरीजमध्ये लावावीत.

आता सावली. घराच्या गच्चीवर हा प्रश्न किरकोळ असतो, शिडाच्या बोटीवर तोच मुख्य. बूम (शिडाखालची आडवी काठी), गुंडाळलेलं शीड, डोलकाठी, रडार, यांपैकी कशाची ना कशाची सावली पॅनेलवर असतेच, आणि नांगरावर बोट फिरली की ती जागा बदलते. सावली पडते म्हणून पॅनेल पॅरलल (समांतर) जोडा, हा सल्ला सर्रास दिला जातो. १२ व्होल्टच्या ३६ सेलच्या पॅनेलसाठी तो बहुतेक वेळा चुकीचा ठरतो.

हे असं होतं. अशा पॅनेलमध्ये सहसा सावलीतल्या सेलना वळसा घालून करंट नेणारे दोन बायपास डायोड असतात, म्हणजे १८-१८ सेलचे दोन गट. बूमची गडद सावली एका गटावर पडली की तो गट बाजूला पडतो आणि पॅनेलकडे जेमतेम ९ व्होल्ट उरतात. पॅरलल जोडणीत ९ व्होल्टचा काहीच उपयोग नाही, कारण बॅटरीच १३ व्होल्टवर बसलेली असते. परिणाम असा की अर्ध्या पॅनेलवर सावली आणि अख्खं पॅनेल जवळपास बंद. तीच दोन पॅनेल सिरीजमध्ये असतील तर चारपैकी तीन गट चालू राहतात, सुमारे २७ व्होल्ट मिळतात आणि कंट्रोलर त्यातून पाऊण वीज काढतो. शिवाय या कंट्रोलरला दिवसाची सुरुवात करायला पॅनेलचा व्होल्टेज बॅटरीपेक्षा ५ व्होल्टने जास्त लागतो, एकदा सुरू झाल्यावर १ व्होल्ट जास्त असला तरी चालतं. ढगाळ पहाटे सिरीजमधली जोडी ही अट लवकर पूर्ण करते.

सिरीजला एक मोठा अपवाद आहे. एक पॅनेल डाव्या कठड्यावर आणि दुसरं उजव्या कठड्यावर असेल, तर दोघांवर ऊन वेगवेगळ्या कोनातून येतं. सिरीजमध्ये करंट कमी असलेलं पॅनेल दुसऱ्यालाही मागे खेचतं. तिथे एक १००/३० घेण्यापेक्षा प्रत्येक पॅनेलला याच मालिकेतला वेगळा ७५/१५ द्यावा. त्यासाठी पॅनेलही ३६ सेलचं नको, ४० व्होल्टच्या आसपास ओपन सर्किट असलेलं आणि तीन बायपास डायोडवालं हवं. म्हणजे एक तृतीयांश पॅनेल झाकलं गेलं तरी बॅटरीला पुरेसा व्होल्टेज शिल्लक राहतो. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ७५/१५ साधारण २२० वॅटपर्यंत काम करतो, हे पॅनेल निवडताना लक्षात ठेवायचं. मागच्या कमानीवर दोन पॅनेल शेजारी-शेजारी, एकाच कोनात असतील तर मात्र १००/३० आणि सिरीज, यात दुमत होऊ नये.

सिरीजचा फायदा केबलमध्येही मिळतो. कमानीपासून कंट्रोलरपर्यंत ८ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १६ मीटर केबल धरा. ६ चौरस मिमीच्या तांब्याच्या केबलचा एवढ्या लांबीचा रोध सुमारे ०.०४७ ओहम होतो. १७५ वॅटची दोन पॅनेल सिरीजमध्ये साधारण १० अँपिअर देतात, म्हणजे अर्धा व्होल्ट पडतो, तोही ३७ व्होल्टमधून. ही घट सव्वा टक्का. पॅरललमध्ये २० अँपिअर वाहतात, एक व्होल्टच्या आसपास पडतो आणि तो १८ व्होल्टमधून जातो, म्हणजे पाच टक्के. तेवढी घट भरून काढायची तर चौपट चौरस मिमीची केबल कमानीपासून कंट्रोलरपर्यंत ओढत बसावं लागतं.

कंट्रोलर पॅनेलजवळ नाही, बॅटरीजवळ बसवायचा. बॅटरीच्या बाजूचा व्होल्टेज तो स्वतःच्या टर्मिनलवर मोजतो. मधल्या केबलमध्ये ०.३ व्होल्ट पडले तर १४.४ झाले असं समजून तो करंट कमी करू लागतो, आणि बॅटरी तेव्हा १४.१ वरच असते. १६ चौरस मिमीची केबल, एका बाजूने दीड मीटर, ३० अँपिअरला ही घट ०.१ व्होल्टवर येते. या मॉडेलची टर्मिनलही १६ चौरस मिमीपर्यंतची तार घेतात. केबल बारीक तारांची आणि कथिलाचा मुलामा असलेलीच घ्या, टोकांना फेरूल (धातूच्या छोट्या नळ्या) क्रिम्प करा. उघड्या तारा स्क्रूखाली दाबल्या तर खाऱ्या हवेत त्या हिरव्या पडतात, रोध वाढतो, टर्मिनल तापतं, आणि बाहेरून मात्र सगळं ठीक दिसत राहतं.

बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून १८ सेंटिमीटरच्या आत ४० अँपिअरचा फ्यूज हवा. फ्यूज केबलच्या रक्षणासाठी असतो, म्हणून तो कंट्रोलरच्या टोकाला लावून काही साधत नाही. शॉर्ट झाला तर ऊर्जा बॅटरीतून येते. लेड-ॲसिडला बॅटरीच्या टर्मिनलवरच बसणारा एमआरबीएफ फ्यूज सोयीचा. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर सोडते, त्यामुळे तिच्या मुख्य केबलवर क्लास टी (एवढा करंट तोडू शकणारा) फ्यूज असलाच पाहिजे. हा खर्च टाळायची जागा नव्हे.

पॉझिटिव्ह केबल मुख्य स्विचच्या बॅटरीकडच्या बाजूला जोडा, म्हणजे बोट बंद करून गेलं तरी चार्जिंग चालू राहतं. निगेटिव्ह मात्र थेट बॅटरीच्या टर्मिनलवर नको. स्मार्टशंट किंवा बीएमव्ही (बॅटरीत येणारा-जाणारा करंट शंटवर मोजणारे मॉनिटर) असेल तर ती शंटच्या लोडकडच्या बाजूला जायला हवी. थेट बॅटरीवर जोडली तर सूर्याकडून आलेले अँपिअर-तास शंटला दिसतच नाहीत आणि मॉनिटरवर बॅटरी रोज थोडी-थोडी रिकामी होत जाते. बॅटरी मॉनिटर चुकीचं दाखवतो या तक्रारीचं मूळ अनेकदा याच एका लगमध्ये (केबलच्या टोकाच्या कडीत) असतं.

जोडण्याचा क्रम: आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना उलट. पहिल्या जोडणीत कंट्रोलर १२ की २४ व्होल्ट हे बॅटरीवरून ओळखतो, म्हणून फोनवरच्या ॲपमध्ये तो आकडा एकदा पाहून घ्या. पॅनेलच्या केबलवर दोन पोलचा, डीसीसाठीचा ब्रेकर घाला. उन्हात चालू करंटवर पॅनेलच्या तारांचा एमसी४ कनेक्टर ओढून काढला तर ठिणगी लांब खेचली जाते आणि कनेक्टर जळतो. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह तारा एकमेकींना पीळ देऊन न्या. ऑटोपायलटच्या कंपासजवळून एकटी तार नेली तर ऊन चढेल तशी दिशा सरकते.

डबा उभा, टर्मिनल खाली, वर-खाली १० सेंटिमीटर मोकळी जागा. इलेक्ट्रॉनिक्सला आयपी४३ (धूळ-पाण्यापासूनचं) संरक्षण आहे, पण टर्मिनलच्या भागाला फक्त आयपी२२, म्हणून उघड्या कॉकपिटच्या लॉकरमध्ये नको. लेड-ॲसिड बॅटरीच्या बरोबर वरही नको, तिथे हायड्रोजन चढतो. ४० अंशांपर्यंत तो पूर्ण ३० अँपिअर देतो, त्यापुढे कमी करत जातो. इंजिनाच्या खोलीत बसवला तर हे लगेच जाणवेल.

सेटिंगकडे फार कमी लोक वळतात. मूळ सेटिंग १४.४ व्होल्ट ॲब्सॉर्प्शन (बॅटरी पूर्ण भरण्याचा टप्पा) आणि १३.८ फ्लोट (भरलेली टिकवण्याचा टप्पा). बॅटरी बनवणाऱ्याने दिलेले आकडे पाहून हे बदलायचे. तापमानानुसार व्होल्टेज अंशामागे सुमारे १६ मिलिव्होल्टने खाली-वर होतो, पण तापमान कंट्रोलर स्वतःच्या जागेचं धरतो, तेही सकाळी सुरू होताना. बॅटरी इंजिनाशेजारी ४५ अंशांवर असेल तर तिला १४.४ नाही, १४.१ च्या आसपास हवेत. स्मार्ट बॅटरी सेन्स लावला की व्होल्टेज आणि तापमान दोन्ही बॅटरीवरूनच ब्लूटूथने मिळतात. एजीएम (सीलबंद लेड-ॲसिड) बॅटरी असेल तर तो घ्याच. लिथियमला ही तापमान भरपाई पूर्ण बंद करायची.

ॲब्सॉर्प्शनचा वेळ कंट्रोलर सकाळच्या बॅटरी व्होल्टेजवरून ठरवतो: ११.९ च्या खाली असेल तर सहा तास, १२.६ च्या वर असेल तर एकच तास. पहाटे इंजिन चालवून नांगर उचलला की व्होल्टेज वर दिसतो, आणि अर्धी भरलेली बॅटरी एका तासात फ्लोटवर जाते. रोज असं झालं तर लेड-ॲसिडच्या प्लेटवर सल्फेट साचतं. बोटीवर म्हणून हा वेळ फिक्स्ड करून ठेवणं बरं. तो लवकर संपवणारी टेल करंटची (शेवटी उरणाऱ्या छोट्या करंटची) मर्यादा २ अँपिअर असते. ती कंट्रोलर स्वतःच्या आउटपुटवर मोजतो, म्हणजे फ्रिज चालू असला तर त्याचा करंटही त्यात धरला जातो. स्मार्टशंट कंट्रोलरच्या ब्लूटूथ नेटवर्कमध्ये जोडला की बॅटरीत खरोखर जाणारा करंट मोजला जातो. दोन कंट्रोलर असतील तर तेही याच नेटवर्कमध्ये घ्या, नाहीतर एक फ्लोटला जातो आणि दुसरा चार्ज करत राहतो.

उणिवा आहेत. डिस्प्ले नाही, फोन नसेल तर फक्त दिवे. लोड आउटपुट नाही. सर्वांत खटकणारी गोष्ट म्हणजे व्हीई.डायरेक्ट हा डेटा केबलचा पोर्ट एकच. लिथियमच्या बीएमएसने (बॅटरीचं रक्षण करणाऱ्या सर्किटने) कंट्रोलर बंद करावा यासाठी लागणारी रिमोट ऑन-ऑफ केबलही तिथेच आणि जीएक्सची (सगळी यंत्रणा एकत्र दाखवणाऱ्या उपकरणाची) केबलही तिथेच. बीएमएसने बॅटरी तोडण्याआधी चार्जिंग थांबलं पाहिजे, म्हणून पोर्टवर पहिला हक्क या केबलचा. जीएक्स हवा असेल तर त्याच्याशी बोलणारा बीएमएस निवडावा लागतो.

फर्मवेअरच्या फाइल ॲपमध्येच असतात, त्यामुळे समुद्रात नेटवर्क नसतानाही अपडेट होतो. ब्लूटूथचा पिन मात्र पहिल्याच दिवशी बदला, मरिनात शेजारच्या बोटीलाही हा कंट्रोलर दिसतो. पहिल्या खडबडीत प्रवासानंतर टर्मिनलचे स्क्रू पुन्हा आवळा. ॲपमधल्या ३० दिवसांच्या इतिहासात रोजचा कमाल बॅटरी व्होल्टेज आणि फ्लोटचा वेळ पाहत जा. चांगल्या उन्हाच्या आठवड्यात फ्लोट एकदाही दिसला नाही तर आधी सावली, मग केबलची घट, मग वीजवापराचा हिशेब, या क्रमाने शोध घ्या.