जमीन आरोग्य पत्रिका: खाणीशेजारच्या शेताला कितपत उपयोगी?

खाणीकडून येणाऱ्या नाल्याचं पाणी ज्या बांधीत शिरतं, त्या बांधीची (धानाच्या खाचराची) जमीन आरोग्य पत्रिका, म्हणजे सरकारी योजनेतून मिळणारा माती तपासणीचा अहवाल, काढा आणि मँगनीजची ओळ वाचा. आकडा, त्यापुढे पीपीएम (दहा लाखांत किती भाग) आणि शेवटी शेरा: 'पुरेसे'. त्याचा अर्थ एवढाच की पिकाला मँगनीज कमी पडणार नाही. ते जास्त झालंय का, हे पत्रिका तपासतच नाही. मँगनीजसाठी सहसा २ पीपीएम ही किमान पातळी धरतात. आकडा ५ असो की १५०, शेरा तोच राहतो. जस्त (०.६), लोह (४.५) आणि तांबं (०.२) यांचंही तसंच.

१९ फेब्रुवारी २०१५ला राजस्थानातल्या सुरतगडहून सुरू झालेली ही योजना मुळात खतासाठी आहे आणि ते काम ती चांगलं करते. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू (पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब असे १२ घटक तपासले जातात. या यादीत शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा, क्रोमियम, निकेल हे अपायकारक जड धातू नाहीत. त्यामुळे भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज पट्ट्यात किंवा गोव्यात डिचोली, सत्तरी, सांग्याच्या लोहखनिज भागात 'पत्रिका चांगली आली, म्हणजे जमीन निर्धोक' असं कुणी म्हणत असेल, तर त्याला कागदाचा आधार नाही.

दुसरी अडचण नमुन्याची. मूळ पद्धतीत बागायतीत अडीच हेक्टरला आणि कोरडवाहूत दहा हेक्टरला एक नमुना घेतला जाई. खाणीचा गाळ मात्र शेतभर सारखा पसरत नाही. पाणी बांधीत शिरतं त्या तोंडाशी तो जाड बसतो आणि पुढे पातळ होत जातो. सगळी माती एकत्र मिसळली की तोंडाजवळचा वाईट आकडा सरासरीत बुडून जातो.

धानाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. पत्रिकेसाठी माती सहसा उन्हाळ्यात, रान कोरडं असताना घेतात. पावसाळ्यात बांधीत पाणी तुंबलं की मातीतला प्राणवायू संपतो आणि घट्ट बसलेलं मँगनीज व लोह विरघळून मुळांपर्यंत येतं. लोहाला चिकटून बसलेलं आर्सेनिकही तेव्हाच सुटतं. म्हणजे ऑगस्टमधलं मूळ ज्या चिखलात उभं असतं, त्याची कल्पना मे महिन्यातल्या कोरड्या मातीवरून येत नाही. कॅडमियमचं याच्या उलट आहे. पाणी असेपर्यंत ते गंधकाशी बांधलेलं राहतं आणि निसवणीनंतर (लोंब्या बाहेर पडल्यावर) बांधी सुकवली की मोकळं होऊन दाण्यात चढतं. म्हणून पाणी लवकर तोडावं की उशिरा, हे कोणता धातू जास्त आहे ते कळल्याशिवाय ठरवता येत नाही.

लोह जास्त झालं तर पीक स्वतः सांगतं. खालच्या जुन्या पानांवर टोकाकडून बारीक तपकिरी ठिपके येतात, पान तांबूस पडतं. रोप उपटलं तर मुळांवर विटकरी लेप दिसतो. जस्त, तांबं जास्त असेल तर वाढ खुंटते. कॅडमियम असं काही दाखवत नाही. माणसाला अपायकारक ठरेल इतकं दाण्यात उतरलं तरी धान हिरवंगार राहू शकतं. जपानच्या तोयामा प्रांतात कामिओका खाणीचं कॅडमियम जिंझू नदीतून भातशेतीत गेलं. तो भात वर्षानुवर्षं खाल्लेल्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि हाडं ठिसूळ झाली. त्यात प्रौढ, मुलं झालेल्या बायका सर्वाधिक होत्या. वेदनेने 'इताई, इताई' (दुखतंय, दुखतंय) म्हणणाऱ्या या रुग्णांचा आजार खाणीच्या कॅडमियमने झाला, हे तिथल्या सरकारने १९६८ साली मान्य केलं. शरीरातलं कॅडमियम निम्मं व्हायलाच दहा ते तीस वर्षं लागतात, त्यामुळे त्रास दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. शिशाचा पहिला मार मुलांच्या मेंदूवर पडतो.

तरीही पत्रिकेतली एक ओळ इथे फार मोलाची आहे: सामू. तो ६च्या खाली असेल तर कॅडमियम आणि जस्त मोकळे होतात. गोव्याच्या जांभ्या जमिनीत ही शक्यता मुळातच जास्त. चुना घालून सामू ६.५ ते ७वर आणला की पिकात चढणारं कॅडमियम कमी होतं. आर्सेनिकवर मात्र हा उपाय नाही, उलट सामू फार वाढला तर ते सुटू शकतं.

जड धातूंसाठी वेगळा नमुना द्या. पाण्याच्या तोंडाशी, बांधीच्या मधोमध आणि शेवटच्या धुऱ्याजवळ असे तीन, तेही ०–१५ आणि १५–३० सेंटीमीटरचे वेगवेगळे. चौथा नमुना तशाच मातीच्या, पण खाणीचं पाणी न पोचणाऱ्या शेतातला. तुलनेला तो नसेल तर जमिनीतलं मूळचं किती आणि खाणीतून आलेलं किती, हे कळत नाही. जस्ताचा मुलामा दिलेली बादली, रंगवलेलं फावडं, पितळी चाळणी वापरू नका. नेमके तेच धातू नमुन्यात उतरतात. लाकडी किंवा स्टीलचं खुरपं, प्लास्टिकची पिशवी आणि नायलॉनची चाळणी घ्या. माती सावलीत वाळवा.

प्रयोगशाळेला 'जड धातू तपासा' एवढंच सांगून भागत नाही. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता कोणत्या धातूसाठी आहे ते त्यांच्या यादीत पाहा, फलकावर नाही. आम्लात माती विरघळवून एकूण प्रमाण काढणार की डीटीपीए या रसायनाच्या द्रावणाने पिकाला मिळू शकणारं तेवढंच, ते विचारा. दोन्ही हवेत. अहवालात 'बीडीएल' (मोजता येईल त्यापेक्षा कमी) आलं तर किमान किती मोजता येतं हे लिहून घ्या, नाहीतर त्या शेऱ्याला अर्थ नाही. सोबत त्याच बांधीतला एक किलो तांदूळ द्या. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न मानकांची मर्यादा पॉलिश तांदळात कॅडमियमसाठी किलोमागे ०.४ मिलीग्रॅम आणि तृणधान्यांत शिशासाठी ०.२ आहे. पालक, मेथी लावत असाल तर ती आधी तपासा, पालेभाज्या दाण्यापेक्षा जास्त ओढून घेतात. विहिरीचं पाणीही द्या. माठाच्या आत काळा थर धरत असेल तर मँगनीजचा संशय घ्यावा. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे ०.१ मिलीग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ०.३. पाणी उकळून धातू जात नाहीत.

खताच्या नियोजनासाठी पत्रिका जरूर घ्या, पण खाणपट्ट्यात तिला आरोग्याचा दाखला समजू नका. खर्चाचा बोजा एकट्या शेतकऱ्यावर पडू नये. खाण-खनिज कायद्याच्या २०१५च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठानं (खाणींनी भरलेल्या पैशातून खाणग्रस्त भागासाठी काम करणाऱ्या संस्था) आली आणि त्यांच्या निधीत पिण्याचं पाणी, प्रदूषण नियंत्रण आणि आरोग्याला प्राधान्य आहे. ग्रामसभेने गावाच्या माती, पाणी आणि धान्याच्या तपासणीचा ठराव करून तिथे पाठवावा. ठरावात सर्व्हे नंबर, नमुन्याच्या जागा आणि धातूंची नावं घालावीत. मोघम मजकूर असला तर पुन्हा तीच बारा घटकांची पत्रिका हातात पडेल.