मांजर तपासताना: दाबून धरायचं की कलानं घ्यायचं?

मानगूट पकडून टेबलावर दाबून धरलं की इंजेक्शन दोन मिनिटांत होतं. काम झटपट उरकतं, हे मान्य. पण घाबरलेल्या मांजराच्या रक्तातली साखर आणि रक्तदाब, दोन्ही वाढू शकतात आणि निरोगी मांजर रिपोर्टमध्ये मधुमेही दिसू लागतं. मग फ्रुक्टोसामाइनची तपासणी करावी लागते. ती मागच्या एक-दोन आठवड्यांतल्या साखरेचा अंदाज देते.

कलानं घ्यायचं म्हणजे पिंजऱ्याचं वरचं झाकण काढून, मांजराला आतच बसू देऊन तपासायचं. अंगावर टॉवेल टाकायचा, नजरेला नजर भिडवायची नाही. कान मागे पडले, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, शेपटी आपटायला लागली की हात काढून घ्यायचा आणि थांबायचं. वेळ जास्त जातो. पण पोटाला हात लावल्यावर ते दुखण्यानं आक्रसलं की भीतीनं, हे ओळखणं सोपं होतं. मला तर हाच सगळ्यात मोठा फायदा वाटतो. शिवाय पुढच्या भेटीला ते कमी बिथरतं.

जोराचा रक्तस्राव होत असेल तर अर्थातच वाट बघत बसता येत नाही. तेव्हाही मानगुटीपेक्षा टॉवेल किंवा गुंगीचं औषध बरं.