सागवानी टेबल आणि चपड्याचे पॉलिश : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी जुलैत एका सकाळी जेवणाच्या टेबलावरून वर्तमानपत्र उचलले, तर ते टरकन फाटले आणि मथळ्यातील दोन अक्षरे उलटी होऊन लाकडावरच राहिली. पॉलिश होऊन सात आठवडे उलटले होते. पॉलिशवाल्याला फोन केला, तर उत्तर मिळाले, “साहेब, पावसाची हवा आहे, थंडी पडू द्या.” मी थंडीपर्यंत थांबलो नाही, आणि पुढच्या सगळ्या प्रकरणाची सुरुवात तिथूनच झाली.

आधी लाकडाविषयी. पुण्यात जुने वाडे पाडले की त्यांतील सागवान वखारीत येते. तिथल्या तुळयांमध्ये मी सरळ रेघांची सोडून मुद्दाम गाठीजवळ लहरलेल्या रेघांची एक निवडली. वखारीत धूळ बसलेल्या लाकडाकडे नुसते पाहून काही कळत नाही. ओल्या फडक्याने हातभर जागा पुसली की पॉलिशनंतरचे रूप निदान मिनिटभर तरी दिसते. तंतू जिथे लाटेसारखे वरखाली होतात तिथे काही ठिकाणी त्यांची बाजू आणि काही ठिकाणी त्यांची टोके पृष्ठभागावर येतात, त्यामुळे प्रकाश वेगवेगळा परतून उजळ आणि गडद पट्टे दिसतात. आपण टेबलाभोवती फिरलो की तेही जागा बदलतात. याच गुणासाठी सुताराचे बोलणे खावे लागते, कारण अशा लाकडाला रंधा कोणत्याही दिशेने मारला तरी कुठेतरी तो उलट्या रेघेला जातो आणि टवके उडतात. आमच्या सुताराने शेवटी रंधा बाजूला ठेवून पोलादी पातीने पृष्ठभाग खरवडला, मग 120, 180 आणि 220 नंबरचे पॉलिशपेपर वापरले. तुळईतील एक जुना खिळा नजरेतून सुटल्यामुळे कापताना आरागिरणीची पाती गेली आणि तिची भरपाई मला द्यावी लागली. वखारीत लोहचुंबक फिरवला असता तर हा खर्च वाचला असता.

आता मूळ दुखणे. पॉलिशवाला चपडा, म्हणजे शुद्ध करून पापुद्र्यांच्या रूपात मिळणारी लाख, स्पिरिटमध्ये आधीच विरघळवून एका मोठ्या बाटलीत घेऊन आला होता आणि त्या बाटलीवर तारीख नव्हती. मला सगळा दोष सुरुवातीला चपड्याचाच वाटला. ‘त्यापेक्षा पीयू (पॉलियुरेथेनचे पॉलिश) केले असते तर बरे झाले असते,’ असे मी दोन महिने घरातल्यांना ऐकवत होतो. मग वाचनातून कळले की चपड्याचे द्रावण दीर्घकाळ ठेवले तर लाखेतील आम्लांची स्पिरिटशी हळूहळू अभिक्रिया होते, आणि असे द्रावण लावल्यावर वाळल्यासारखे दिसले तरी पक्के कडक होत नाही. पारख सोपी आहे. काचेवर दोन थेंब सोडावेत, वाळू द्यावेत आणि नख दाबून पाहावे. वण उठला तर ते द्रावण फेकून द्यावे. ही एवढीशी पारख कामाआधी झाली असती तर माझा एक सबंध पावसाळा वाचला असता, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पॉलिशवाल्याने पुन्हा काम करण्याची मजुरी सांगितली, ती देण्याचा प्रश्नच नव्हता.

इथूनच माझे मत बदलू लागले. चपडा स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळतो, त्यामुळे दिवाळीच्या आधी एका रविवारी, खिडक्या उघड्या ठेवून आणि स्वयंपाकघरातील गॅस बंद करून, मी जुना थर फडक्यांनी पुसून काढला. ती उलटी अक्षरेही त्याबरोबर गेली. पीयूचा थर असा काढताच आला नसता, तो घासून काढताना निम्मे पट्टे गेले असते. नवा चपडा निवडताना कुसुमाच्या झाडावरील लाखेचा, फिकट रंगाचा घेतला, कारण पळस-बोरांवरील रंगीनी लाख अधिक गडद असते आणि लाटांमधील उजळ भाग झाकोळते. अर्धा लिटर स्पिरिटमध्ये 120 ग्रॅम चपडा रात्रभर भिजवला, सकाळी मलमलीतून गाळला आणि बाटलीवर मोठ्या अक्षरांत तारीख लिहिली. कापसाच्या गोळ्यावर मलमल गुंडाळून पुरचुंडी केली, ती अडू नये म्हणून जवसाच्या तेलाचा एखादा थेंब लावला, आणि चार दिवसांत पातळ असे नऊ हात दिले. संध्याकाळी खिडकीतून तिरपा उजेड आला तेव्हा गाठीभोवतीचे पट्टे पहिल्या वेळेपेक्षा कितीतरी खोल दिसले.

चपडा उष्णता आणि ओलावा फारसा सोसत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. फेब्रुवारीत चहाच्या गरम पेल्याने एक पांढरे कडे उमटले. स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेली पुरचुंडी त्यावरून तीन-चार वेळा हलकेच फिरवली आणि थरात अडकलेला ओलावा निघून कडे नाहीसे झाले. तेव्हापासून टेबलावर पेल्याखाली ठेवायच्या चकत्या आहेत, पण त्या वापरा म्हणून मी पाहुण्यांच्या मागे लागत नाही. यंदाच्या जुलैत वर्तमानपत्र रात्रभर टेबलावर मुद्दाम ठेवून पाहिले, ते सकाळी अलगद उचलले गेले.

टेबलाची खालची बाजू मात्र स्पिरिट वाचवण्यासाठी मी तशीच ठेवली. खुर्ची पुढे ओढताना गुडघा तिथे टेकला की पँट अजूनही चिकटते.