जुन्या पद्मिनीचं टायमिंग लावणारे माहीमचे मिस्त्री

आमची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट गाडी, मुंबईतल्या पेडर रोडच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये टकटक करायची. एका चकचकीत वर्कशॉपनं 'पेट्रोलच भेसळीचं' म्हणून वाटेला लावलं. शेवटी माहीमच्या गल्लीतल्या या गॅरेजात नेली. बोर्ड नाही, पार्किंगच्या नावानं बोंब, पण काम पाहण्यासारखं.

ठिणगी कधी पडावी याचं टायमिंग लावायला डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणारा भाग, फिरवतात; मिस्त्रींनी तो लगेच फिरवला नाही. आधी त्याची कॅप काढून सीबी पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी वीज तोडणारे दोन संपर्क, दाखवले: एकावर फोड, दुसऱ्यावर खड्डा. नवे बसवून फिलर गेजनं (मापाच्या पातळ पट्टीनं) दोघांमधला गॅप लावला. "गॅप बदलला की टायमिंगही सरकतं, साहेब. हे नंतर केलं तर सगळं पुन्हा करा." मग इंजिनच्या पुढच्या क्रँक पुलीवरची खूण साफ करून तिच्यावर खडू फिरवला, पहिल्या सिलिंडरच्या प्लग वायरला टायमिंग लाइट (ठिणगीगणिक चमकणारा दिवा) जोडला, आणि इंजिन आयडलवर ठेवून डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प सैल केला. लाइटच्या उघडझापीत गरगरणारी पुली थिजल्यासारखी दिसते. खूण बरीच पुढे होती, म्हणजे ठिणगी वेळेआधी पडत होती, टकटक त्याचीच. हातानं केसभर सरकवत ती जागेवर आणली. टायमिंग फार मागे घेतलं तर गाडी ओढत नाही, वर तापते, हेही सांगितलं.

आता चढावर आवाज नाही. मजुरी रास्त, पण छापील बिल मागू नका. ऑक्टोबर 2023 मध्ये पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून कायमच्या गेल्या, त्यामुळे असे हात आता शोधावेच लागतात. सकाळीच जा, गरम इंजिनवर मिस्त्री वैतागतात.