पोलिओला द्यावे की नारूला?

भाचीला न्यू जर्सीत नोकरी लागली, पहिल्या पगारातले ३०० डॉलर तिला एखादा रोग जगातून कायमचा घालवायच्या कामाला द्यायचेत, पोलिओ की नारू असं विचारत होती. अजून कोणी याच विचारात असेल म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

नारू आताच्या पोरांना माहीतच नाही. आमच्या आजीच्या घोट्यावर त्याचा व्रण होता. गावात बारवेत उतरून पाणी भरायचे, त्या पाण्यातून पोटात गेलेला जंत वर्षभराने पायाला फोड आणून बाहेर यायचा, हातभर लांब, तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा आणि मधेच तुटला की पाय सुजून माणूस ऐन पेरणीत खाटेवर. आपल्याकडे शेवटचा पेशंट १९९६ ला राजस्थानात सापडला. जगात १९८६ ला साधारण ३५ लाख केसेस होत्या, २०२४ ला १५, त्याही फक्त चाड आणि साउथ सुदानमध्ये.

लस नाही, औषध नाही. पाणी गाळायचं कापड, तळ्यात टाकायचं टेमेफॉस नावाचं कीटकनाशक आणि गावोगाव लक्ष ठेवणारे स्वयंसेवक, एवढ्यावर कार्टर सेंटरने (अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांची संस्था) हे करून दाखवलंय. आता अडलंय ते कुत्र्यांमुळे, चाडमध्ये त्यांनाही नारू होतो, मग ती पाण्यात उतरू नयेत म्हणून महिनोन्‌महिने बांधून ठेवावी लागतात आणि मालकाला ते पटवत बसावं लागतं.

पोलिओचं गणित वेगळं. १९८८ ला वर्षाला साडेतीन लाख केसेस, आता मूळचा जंगली व्हायरस पाकिस्तान आणि अफगाणिस्तानातच उरलाय. पण २०२३ ला दोन्हीकडे मिळून १२ होत्या त्या २०२४ ला ९९ झाल्या, म्हणजे जरा ढील दिली की हा उसळतो, आणि लसीकरण कमी असेल तिथे लसीतल्याच व्हायरसपासून तयार झालेला प्रकार पसरतो ते वेगळंच. रोटरीला दिलेल्या १ डॉलरवर गेट्स फाउंडेशन २ घालतं, वर्षाला ५ कोटी डॉलरपर्यंतच्या देणग्यांवर. ३०० चे ९०० होतात, हे खरंच मोठं आहे.

माझं मत विचाराल तर एकदाच रक्कम देऊन मोकळं व्हायचं असेल तर पोलिओ. दर महिन्याला १०-२० डॉलर देणार असाल तर नारू, मी पण तिकडेच देतो, कारण पेशंट १५ वर आले की लोकांना वाटतं काम झालं आणि पैसे आटतात, पण १५ राहिले तरी राखण हजारो गावांत करावी लागते, शेवटची केस सापडल्यावरसुद्धा काही वर्षं.

भाचीला मी नारूच सांगितलंय, महिना २५ प्रमाणे वर्षभर. त्याआधी ऑफिसात विचारून घे म्हटलं, बऱ्याच कंपन्या देणगीवर तेवढीच भर घालतात.