युरोपातले किल्ले: आधी संडास दाखवा, मग सिंहासन

पाणीपुरवठा खात्यात 31 वर्षं काढल्यावर माणूस बिघडतो. कुठलीही जुनी इमारत दिसली की मला दोनच प्रश्न पडतात. पाणी कुठून यायचं, आणि घाण कुठे जायची? यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही दोघांनी रेल्वेने फिरत चार मध्ययुगीन किल्ले पाहिले आणि मी चौघांनाही या दोन प्रश्नांवर गुण दिले. आमच्या ह्यांना चिलखतं आणि तलवारी आवडतात. त्यांचे गुण वेगळे, ते त्यांनी स्वतः लिहावेत.

आधी जुना राग काढून टाकते. काही वर्षांपूर्वी एका टूर कंपनीबरोबर गेलो होतो. त्यांच्या पत्रकात ‘मध्ययुगीन किल्ला’ म्हणून छापलं होतं जर्मनीतल्या बव्हेरियातलं नॉयश्वानस्टाइन. त्याचं बांधकाम सुरू झालं 1869 मध्ये! राजा दुसरा लुडविग याला जुन्या काळाचं वेड होतं, म्हणून त्याने स्वप्नातला किल्ला बांधायला घेतला. तिथे लढाई कधी झालीच नाही. रांगेत दोन तास उभं राहून आत अर्धा तास मिळाला. खरी गंमत म्हणजे आत नळाचं पाणी होतं, फ्लशचे संडास होते, गरम हवेने खोल्या तापवायची सोय होती. मी त्याबद्दल विचारलं, तर आमचा टूर मॅनेजर म्हणाला, ‘‘मॅडम, ग्रुप पुढे गेला.’’ किल्ल्याचा दोष नाही, सुंदरच आहे तो. फसवलं पत्रकाने.

म्हणून या वेळी सगळं स्वतः ठरवलं.

पहिला नंबर पोलंडमधल्या मालबोर्कचा. ग्दान्स्कहून रेल्वेने तासाच्या आत पोचतो. ट्यूटॉनिक सरदारांचा, म्हणजे एका जर्मन लढवय्या धर्मसंघाचा, हा किल्ला 13व्या शतकात बांधायला घेतला, आणि 1309 मध्ये त्यांच्या प्रमुखाने व्हेनिसहून मुक्काम इथे हलवला. सगळं काम विटांचं. नोगात नदीच्या पलीकडून पाहिलं की लाल रंगाचं एक अख्खं गावच पाण्यावर बसल्यासारखं दिसतं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अर्ध्याहून जास्त किल्ला पडला होता. नवी वीट कुठे लागली ते रंगावरून ओळखू येतं. मला ते आवडलं, लपवाछपवी नाही.

ऑडिओ गाइड जरूर घ्या. तुम्ही चालाल तसा तो बोलतो, इंग्रजीत स्वच्छ ऐकू येतं, आणि घाई करत नाही. साडेतीन तास म्हणतात, आम्हाला पाच लागले. सोमवारी मात्र जाऊ नका, त्या दिवशी आतली दालनं सहसा बंद असतात.

वरच्या किल्ल्यातून एक लांब, कमानींवर उभारलेला बंदिस्त पूल निघतो आणि बाहेर एकट्या उभ्या बुरुजात संपतो. नाव ग्दानिस्को. हा संडास. अख्खा बुरूज संडासाचा! घाण थेट खाली पडायची, राहत्या खोल्यांपासून लांब. वाट चुकू नये म्हणून सुरुवातीलाच कोरलेला एक सैतान बसवलाय, तो दिशा दाखवतो. शत्रू आत घुसलाच तर शेवटचा आसरा म्हणूनही हाच बुरूज. एका कामात दोन कामं उरकणारा डिझायनर मला आमच्या खात्यात हवा होता.

तिथेच मोठ्या दालनाच्या जमिनीत झाकणं लावलेली भोकं दिसतील, त्यावरून नुसते चालत जाऊ नका. खाली भट्टी असायची. तिच्यात दगड तापवायचे, धूर निघून गेला की झाकणं उघडायची आणि कोरडी गरम हवा वर सोडायची. मी गुडघ्यावर बसून त्या भोकात हात घालून पाहिला, तर पहारेकरीण बाई धावत आल्या. चूक माझी होती. पण मग त्यांनीच खुणेने पुढचं भोक दाखवलं.

ह्यांना आवडला तो उन्हाळी भोजनकक्ष. छताचा सगळा भार एकाच दगडी खांबावर. 1410 मध्ये पोलंडविरुद्धची ग्रुनवाल्डची लढाई हरल्यावर सरदार इथे कोंडले गेले, तेव्हा पोलिश तोफेचा नेम त्या खांबावर धरला होता म्हणे. नेम चुकला. गोळा भिंतीत, शेकोटीच्या वर, अजून दिसतो. किल्ला शेवटी तोफेने पडलाच नाही. 1457 मध्ये पगार थकलेल्या भाडोत्री सैनिकांनी तो चक्क पोलंडच्या राजाला विकला. ठेकेदाराचं बिल थकवलं की काय होतं ते मी पाहिलेलं आहे, त्यामुळे मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही.

मग जर्मनी. न्युर्नबर्गच्या सम्राटाच्या किल्ल्यातली दालनं पाहून विसरले. विहीर मात्र विसरणार नाही. छोट्या घरात खडक फोडून खणलेली, सुमारे 50 मीटर खोल. गाइडने तांब्याभर पाणी ओतलं आणि बोट वर केलं. सगळे गप्प. हिशेबाने सव्वातीन सेकंद व्हायला हवेत, पण ओतलेल्या पाण्याचे थेंब होतात, हवा त्यांना अडवते, म्हणून वाट पाहणं लांबतं. मग खालून चळ्ळ असा आवाज आला आणि एक लहान मुलगी ‘‘परत!’’ म्हणून ओरडली. मग मेणबत्त्या दोरीने खाली सोडल्या, तेव्हा खाली पाण्याचा एवढासा तुकडा चमकला. वेढा पडला की किल्ला त्या तुकड्याच्या जोरावर उभा राहायचा.

जर्मनीतलंच, मोझेल नदीच्या खोऱ्यातलं एल्त्स फोटोंमुळे सगळ्यांना माहीत आहे. एकाच घराण्याकडे 850 वर्षांहून जास्त काळ आहे. आत फोटो काढायला बंदी आणि गाइडशिवाय प्रवेश नाही, त्यामुळे चाळीस मिनिटांत बाहेर. शयनगृहाच्या कोपऱ्यातच संडास आहे, तो पावसाच्या पाण्याने धुतला जायचा. तेवढ्यासाठी अर्धा गुण जास्त. मोझेलकर्न स्टेशनवरून जंगलातून चालत या, बसने नको.

शेवट वेल्समधलं कॉन्वी. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने 1283 ते 1287 मध्ये किल्ला आणि गावाचा तट एकदमच उभारला. आठ बुरूज, छपरं सगळी गेलेली, वारा भन्नाट. चक्री जिने उजवीकडे वळतात ते हल्लेखोराचा तलवारीचा हात अडावा म्हणून, असं प्रत्येक गाइड सांगतो. इतिहासकार फारसं मानत नाहीत. माझे गुडघेही मानत नाहीत, दोन बुरूज चढून मी थांबले. 1295 च्या जानेवारीत वेल्श बंडखोरांमुळे राजा स्वतःच इथे अडकला होता आणि मध घातलेलं पाणी पिऊन दिवस काढले, असं सांगतात.

तिकीट किल्ल्याला आहे, गावाच्या तटावर फुकट फिरता येतं. मिल गेटजवळ तटाच्या बाहेरच्या अंगाला दगडी बैठकी पुढे आलेल्या दिसतात. राजाच्या कचेरीतल्या कारकुनांसाठी एका ओळीत बांधलेले संडास, मोजून बारा. मी दोनदा मोजले. हे तिकडे बाकावर बसून सँडविच खात होते आणि मी माहिती वाचून दाखवायला लागल्यावर त्यांनी सँडविच परत कागदात गुंडाळलं.