जुनी पोर्शे ९११ की जुनी बीएमडब्ल्यू एम३?

पुण्यात सेकंड हँड स्पोर्ट्स कार घ्यायची तर माझं मत बीएमडब्ल्यू एम३च्या (ई९२ पिढी) बाजूने. तिच्या ४ लिटर व्ही८ इंजिनातली, पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडची बेअरिंग झिजतात, हे खरं. पण पुढची सबफ्रेम (इंजिनाखालची चौकट) उतरवून, ऑइल सम्प (इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी) काढून ती बदलता येतात. इंजिन बाहेर काढावं लागत नाही. खर्च मोठा, तरी आधी ठरवून करता येतो. थ्रॉटल ॲक्चुएटर, म्हणजे इंजिनाची हवेची झडप उघडणाऱ्या मोटरी, याही दगा देतात.

पोर्शे ९११ कॅरेरा (९९७ पिढी) चालवायला जास्त गोड, वादच नाही. मात्र २००९च्या आधीच्या मॉडेलमध्ये सिलिंडरच्या आतल्या भिंतीला ओरखडे पडू शकतात. एकाच बाजूच्या एक्झॉस्टला दाट काजळी, इंजिन गरम झाल्यावर टकटक, ऑइल सारखं कमी होणं... यातलं काही दिसलं तर टोकन देऊ नका. पुढे अख्खं इंजिन उघडावं लागतं आणि बिल काही लाखांत जातं. बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) आत घालून सिलिंडर बघितल्याशिवाय व्यवहार नकोच. २००९च्या मॉडेलपासून इंजिन नवं आलं. बजेट तिथवर ताणता येत असेल तर मी ९११च घेईन.

सिंहगड रोडवरचे खड्डे दोघींच्याही सस्पेन्शनच्या रबरी बुशिंगला आणि अलॉय व्हीलला सारखेच महागात पडतात.